चेन्नईहून आलेली तक्रार

साहेब, द्वारकाबाईला शाळेच्या चुलीवरून तुम्ही उठवलं. ठराव दुसऱ्यांनी केला, सह्या दुसऱ्यांनी ठोकल्या, पण ज्या कागदावरून हे सगळं झालं तो कागद गावात गेला तुमच्या टेबलावरून. तुमचं नाव मी लिहीत नाही, खुर्चीही लिहीत नाही. गावाचं नाव तर मुद्दाम लिहीत नाही. जागा लिहिली की काय होतं ते मला आता चांगलं कळलंय.

आणि सगळं तुमच्या अंगावर टाकून मी मोकळा होतोय असंही समजू नका. निम्मं पाप माझं आहे. ते आधी सांगतो, मग तुमच्याकडं येतो.

माझं नाव भारत. जाफराबादच्या स्टँडजवळ माझं ऑनलाइन सेंटर आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनची मशीन आणि बाहेर एक बाकडं. माझी बायको प्रीती अन् मी, दोघं मिळून चालवतो. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, घरकुल, आधार, स्कॉलरशिप, जे काही वरून निघतं त्याचे फॉर्म आम्ही भरतो. दहावीच्या पुढं मी शाळा पाहिली नाही. जे येतं ते व्हिडिओ बघून आलं, नाहीतर लोकांच्या शिव्या खाऊन आलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतला हातपंप कागदावर दुरुस्त झाला. पाण्याचा थेंब नाही, पण बिल निघालं. मी तुमच्या पोर्टलवर निनावी तक्रारीची जी खिडकी आहे ना, तिथं तक्रार टाकली. वर ठळक अक्षरात लिहिलेलंच होतं, ‘तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्यात येईल.’ आठव्या दिवशी पंपाचा ठेकेदार पप्पू सेंटरवर आला. हातात दोन कागद. एक माझ्या तक्रारीची प्रिंट, दुसरा त्याच्याच आईच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज. तो, तक्रार टाकली त्याच दिवशी, मीच भरला होता.

पप्पूनं दोन्ही कागद काउंटरवर एकाशेजारी एक ठेवले आणि तळाला बोट लावलं.

“भारतराव, ह्यो खाली बारीक नंबर काय असतो?”

“आयपी ॲड्रेस.”

“दोन्हीला येकच कसा काय म्हणं?”

पप्पू हसला, म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, सवडीनं सांगा,” आणि गेला. दुसऱ्या दिवशी माझी फायबरची वायर खांबापाशी कापलेली होती.

तेव्हापासून मी त्या नंबरच्या मागं लागलो. इंटरनेटवर जो कोणी जातो त्याला एक नंबर मिळतो आणि समोरची साइट तो टिपून ठेवते. मोबाइलचा डेटा बंद करून चालू केला तर नंबर बदलतो, पण कंपनीकडं नोंद राहते. व्हीपीएन लावलं की तुमचं जाणं-येणं दुसऱ्या गावच्या मशीनमधून होतं आणि समोरच्याला त्या मशीनचा नंबर दिसतो. जाफराबादेत लिहिलेलं पत्र कुणी चेन्नईच्या पेटीत नेऊन टाकावं, तसं. हे मी शिकलो आणि लोकांना लावूनही देऊ लागलो. कुणाला परदेशातला एखादा कोर्स इथून उघडत नव्हता, कुणाला आपण काय बघतो ते दुसऱ्याला कळू द्यायचं नव्हतं. स्टँडवर लोक म्हणायचे, भारत नंबर गायब करतो. खोटं कशाला सांगू, मला ते गोड लागायचं.

द्वारकाबाई आली ती एका रविवारी. ती आमच्याच वस्तीतली, नात्यानं लांबची, पण सगळी वस्ती तिला मावशी म्हणते. गावच्या शाळेत ती खिचडी शिजवायची. जीपमधून उतरली, बाकड्यावरची माणसं जाईपर्यंत थांबली, आणि मग काउंटरवर एक गाठ मारलेला रुमाल सोडला. रुमालात मूठभर तांदूळ होता. तांदूळ हलत होता. प्रीती दोन पावलं मागं सरली.

“हे बघ,” मावशी म्हणाली. “हे तीन तीनदा धुऊन म्या पोरांला घालून राह्यले.”

“असलाच माल येतो काय मावशी?”

“न्हाई ना! माल चांगला येतो. पोती उतरतात तवा दाणा कसा मोत्यावानी असतो. मंग दोन-चार दिवसांनी सकाळच्या पारी टेम्पो येतो. मागच्या दारानं चांगले कट्टे जातात, अन् हे जाळं लागलेले कट्टे आत येतात. म्या हेडमास्तरला इचारलं.”

“काय म्हणले?”

“म्हणले, द्वारकाबाई, तुमचं काम शिजवायचं. तुमी निवडा, धुवा, शिजवा.” तिनं रुमालाची गाठ परत मारली. “येक तिसरीतलं पोरगं आहे. ताटातली आळी बोटानं काढून बाजूला ठुतं, अन् खातं. कुरकुर सुदिक करत न्हाई. सवय झाली रे त्याला. मला ते बघवत न्हाई.”

“तक्रार करायची?”

“करायची. पर माझं नाव येता कामा नये. नाव आलं तर मला ते चुलीपाशी उभं करणार न्हाईत. ती चूल मला कशी भेटली ते तुला ठावं आहे.”

ठाऊक होतं. साहेब, तुम्हालाही ठाऊक असू द्या. सात वर्षांपूर्वी तिला ते काम मिळालं तेव्हा पहिला महिनाभर अर्धी शाळा घरून डबा आणायची. आमच्या हातचं त्यांच्या पोरांना चालत नव्हतं. तोंडावर कुणी बोललं नाही. असं कुणी तोंडावर बोलत नसतं. मावशी रोज पूर्ण पटाची खिचडी शिजवायची, अर्धी उरायची, आणि ती भांडी घासून घरी यायची. मग एका दिवशी गावातल्या मोठ्या घरच्या एका मुलीनं डबा उघडला तर भाकरीला मुंग्या. पोरगी भुकेली होती. तिनं डब्याचं झाकण मावशीपुढं धरलं. मावशीनं वाढलं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सगळी शाळा जेवायला लागली होती. त्या चुलीसाठी मावशीनं मोर्चा काढला नाही, भाषण केलं नाही. रोज शिजवत राहिली, एवढंच. गावच्या सगळ्या पोरांनी तिच्या हातचं खाल्लेलं होतं. आमच्या वस्तीतल्या दुसऱ्या कुणाच्या पदरात एवढं पडलेलं नाही.

“कुणाच्या बापाला कळणार न्हाई मावशी,” मी म्हणालो. हे वाक्य आता मला झोपू देत नाही.

फोटो तिनं काढूनच आणला होता. टेम्पोचा मागचा भाग, गाडीचा नंबर, शाळेचं मागचं दार, खांद्यावर कट्टा घेतलेला माणूस. घरूनच, पण झूम करून काढलेला होता, त्यामुळं तिचं घर, कूड, झाड काही म्हणजे काही आत आलं नव्हतं. शाळेच्या मागं रस्ता आहे, दहा-बारा घरं आहेत. कुणीही काढला असता. फोटोच्या खाली नेहमीची पट्टी होती: छोटा नकाशा, गावाचं नाव, अक्षांश-रेखांशाचे आकडे, तारीख, वेळ.

ती पट्टी छापणारं ॲप तिच्या मोबाइलमध्ये मीच घालून दिलं होतं. तिचं घरकुल मंजूर झालं तेव्हा पायाचा फोटो पाहिजे, मग चौकटीचा, मग स्लॅबचा, आणि प्रत्येकावर जीपीएसचा शिक्का पाहिजे. पहिला फोटो ती साधाच घेऊन आली, तर परत आला. तेव्हा मीच तिला बसवून शिकवलं होतं, “मावशी, आता ह्याच्यातच फोटो काढत जा. शिक्का नसला तर हापिस फोटोला हातसुद्धा लावत न्हाई.” आमच्याकडं सगळ्यांचं असंच झालंय. बांध फुटला, शिक्क्याचा फोटो. झाड लावलं, शिक्क्याचा फोटो. तुम्हीच लावलेली सवय आहे ही. बिनशिक्क्याचा फोटो म्हणजे फोटोच नव्हे.

मी कामाला लागलो. आधी व्हीपीएनमध्ये नेदरलँड निवडलं. तुमच्या पोर्टलनं दारच उघडलं नाही, भारताबाहेरून ही सेवा मिळणार नाही म्हणालं.

“बघा, नेदरलँडला हाकलून दिलं,” मी म्हणालो.

“आपल्याच माणसाला उभं करत न्हाईत, त्याला कुठं करतील,” मावशी म्हणाली.

मग चेन्नई निवडलं. दार उघडलं. नंबर दाखवणारी एक साइट असते, तिच्यावर तपासून घेतलं आणि स्क्रीन मावशीकडं फिरवली. “आता तुम्ही चेन्नईत आहात.”

“मंग संध्याकाळी घरी जायाला जीप भेटंल का?”

आम्ही तिघंही हसलो. सेंटरमध्ये ती शेवटची हसली ती तेव्हा.

तक्रार मी टाइप केली. नाव नाही, मोबाइल नाही, ईमेल नाही. ‘शाळेतील स्वयंपाकी’ असा शब्दसुद्धा येऊ दिला नाही, ‘एक गावकरी’ लिहिलं. भाषा मुद्दाम कडक, सरकारी ठेवली. मग पुरावा जोडायचं आलं. प्रीती माझ्या खांद्यावरून बघत होती.

“अहो, ती खालची पट्टी तशीच ठेवायची?”

“ठेवायची म्हणजे? तिच्याशिवाय फोटोला काय किंमत आहे?”

“न्हाई, त्याच्यात जागा येती ना...”

“शाळेची जागा आहे. शाळेचीच तक्रार आहे. तुला काय कळतं त्याच्यातलं?”

ती प्रिंटरकडं वळली. मी उलट फोटो मोठा करून बघितलं की आकडे स्वच्छ वाचता येतात का. आले. मी बटण दाबलं. तळाला नंबर छापून आला, चेन्नईचा. मी त्या नंबरावर इतका खूश होतो की त्याच्या वर काय छापलंय ते वाचायची मला गरज वाटली नाही.

तेराव्या दिवशी शाळेच्या समितीची बैठक झाली. मावशीला कामावरून कमी केलं. कारण ऐका साहेब: ‘स्वयंपाकगृहातील अस्वच्छता व तांदळात आढळून आलेल्या अळ्या.’ तिनं रुमालात बांधून आणलेल्या आळ्या तिच्याच नावावर लावल्या. कुणी तक्रारीचा शब्द काढला नाही. फक्त बैठक उठताना हेडमास्तर तिला म्हणाले, “द्वारकाबाई, चेन्नई कशी आहे?” तिला आधी कळलंच नाही. घरी येता येता कळलं. आणि मागं उभ्या असलेल्या दोन बाया बोलल्या, “बरं झालं, आमाला तर आधीपासूनच ते पटत नव्हतं.” सात वर्षं त्यांची पोरं जेवली. सात वर्षं ते वाक्य त्यांनी सांभाळून ठेवलं होतं.

मी तडक तुमच्या ऑफिसात आलो. तुम्ही मीटिंगला गेलेले होता. तुमचे क्लार्क होते. मी दारातूनच ओरडलो, “नाव गुप्त ठेवतो म्हणता अन् नाव फोडता? लाज वाटत न्हाई?”

क्लार्कनं चहाचा कप खाली ठेवला. माणूस तापट नव्हता. त्यानं तक्रारीची प्रिंट काढून माझ्यापुढं सरकवली. “नाव दाखवा.”

नाव नव्हतंच.

“आमी फोडणार तरी काय? तक्रार तर चेन्नईहून आलेली आहे. आमी सगळे हसलो. म्हणलं, चेन्नईच्या माणसाला आपल्याकडच्या खिचडीचं इतकं काय पडलंय? इडली सोडून?”

“मंग द्वारकाबाईचं कसं कळलं?”

“हे काय.” त्यानं फोटोच्या पट्टीवर पेन टेकवलं. आपला मोबाइल घेतला, नकाशा उघडला, ते आकडे एकेक करून टाकले. जरा गोल गोल फिरलं आणि लाल टाचणी पडली. शाळेवर नाही. शाळेच्या मागं, रस्त्याच्या अलीकडं, तिसऱ्या घराच्या परसात. तिची न्हाणी आणि घरकुलाची नवी भिंत यांच्या मधोमध. तिथं मी कितीदा बसून चहा पिलोय.

त्या ॲपचा शिक्का समोर जे दिसतं त्याचा नसतो साहेब. मोबाइल हातात धरून जो उभा आहे, त्याचा असतो. रोज शंभर फोटो अपलोड करणाऱ्या मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण शिक्का म्हणजे पुरावा, एवढंच डोक्यात बसलेलं. तो कुणाविरुद्धचा पुरावा आहे हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

“हेडमास्तरनं असंच केलं,” क्लार्क म्हणाला. “दोन मिनिटाचं काम आहे.”

“पण हा फोटो त्यांच्याकडं गेला कसा?”

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलं. पान उलटून दाखवलं. मागं तुमची सही होती. ‘उचित कार्यवाहीसाठी मुख्याध्यापकांकडे अग्रेषित. सोबत: मूळ तक्रार व छायाचित्र.’

“मंग कोणाकडं पाठवायची? ज्याची शाळा त्यालाच इचारणार ना? पद्धत आहे ती.”

मी तिथून निघालो. स्टँडवर तीन जीप माझ्यासमोरून गेल्या, मी बसलो नाही. मावशीकडं काय तोंड घेऊन जायचं?

शेवटी गेलो. दुपार होती, शाळेच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ. मावशी परसातच बसली होती, टाचणी पडली होती तिथंच, लसूण सोलत. पलीकडून ताटांचा आवाज येत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पट्टीचं सांगितलं. प्रीतीनं विचारलं होतं आणि मी तिला गप्प केलं होतं, तेही सांगितलं. ती लसूण सोलतच राहिली.

“तू नंबर तर बदलला व्हता ना रे?” एवढंच बोलली.

“बदलला होता मावशी.”

“मंग?”

तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून एक पोरगं ओरडलं, “द्वारकामावशी! आज मीठच न्हाई खिचडीत!” मागून बाकीची हसली. कुणीतरी मोठ्या माणसानं दम भरला आणि सगळं शांत झालं. मावशीचा हात थांबला. ती उठायला निघाली होती साहेब. मीठ घेऊन. निम्मी उठली, आणि परत बसली.

मग तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. “ते शिक्क्याचं काढून टाक.”

मी ॲपवर बोट दाबून धरलं. काढायचं का, असं मोबाइलनं विचारलं. तेवढ्यात तीच म्हणाली, “थांब. घराचा शेवटचा फोटो राह्यलाय न्हाई का? त्याच्याबिगर तर ते पण घेणार न्हाईत.”

“न्हाई घेणार.”

“मंग राहू दे.”

मी मोबाइल तिला परत दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं चहा ठेवला.

तर साहेब, माझ्या वाट्याचं मी लिहिलं. मी शहाणपणा मिरवला आणि एका बाईची सात वर्षं घालवली. त्याला माफी नाही. ती मी मागतही नाही. मावशीनं अजून मला एक शब्द वाकडा बोललेला नाही, आणि त्यातून माझी सुटका नाही.

आता तुमच्या वाट्याचं. माझी चूक म्हणजे एक पट्टी राहिली. पण ती पट्टी तुमच्या कपाटात राहिली असती तर तिनं कुणाचं काही बिघडवलं नसतं. ती गावात चालत गेली नाही. तुम्ही सही करून पाठवली. टेम्पोचा नंबर फोटोत स्वच्छ दिसत होता. तो नंबर कुणाचा, हे तुम्ही कुणाला विचारलं का? टाचणी पाडायला दोन मिनिटं लागतात असं तुमचे क्लार्क म्हणाले. टेम्पोवाल्याचं नाव काढायला किती लागली असती? त्या शाळेत आजही तोच तांदूळ शिजतोय. फरक एवढाच की आता तो तीनदा धुवायला कुणी नाही.

हे मी माझ्याच सेंटरवरून पाठवतोय. व्हीपीएन बंद आहे. तळाला जो नंबर येईल तो माझा, जाफराबादचा. जुळवायला दुसरा कागद शोधू नका. वायर कापायची असेल तर खांब तोच आहे.

ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, त्याच्याच हातात तुम्ही तो फोटो का दिला? पद्धत आहे असं सांगू नका, ते मी ऐकलंय. ‘नाव गुप्त ठेवण्यात येईल’ हे वाक्य तुमच्या खिडकीवर अजून तसंच आहे. आज सकाळी मी उघडून बघितलं. ते वाक्य तुम्ही कुणासाठी लिहिलंय, आमच्यासाठी की त्यांच्यासाठी?

उत्तर द्या. लेखी द्या, सहीनिशी, आणि माझ्याकडं नको. द्वारकाबाईच्या घरी पाठवा. तिचा पत्ता तुमच्याकडं आहे.